संशोधकाचे स्थान : निवेदन आणि पुरावा
(गुणात्मक सामाजिक संशोधनातील आत्मचिकित्सेविषयी काही निरीक्षणे)

सामाजिक शास्त्रांतील मराठी प्रबंधांच्या संशोधनपद्धतीच्या प्रकरणात अलीकडे एक नवा परिच्छेद आढळू लागला आहे. उद्दिष्टे, गृहीतके, नमुना निवड, तथ्यसंकलनाची साधने आणि अभ्यासाच्या मर्यादा हे घटक पूर्वीपासून होतेच. त्यांच्या शेजारी आता संशोधकाने स्वतःची जात, लिंग, प्रदेश, शिक्षण आणि कौटुंबिक पार्श्वभूमी थोडक्यात नमूद केलेली असते. या पार्श्वभूमीचा अभ्यासावर परिणाम होऊ नये यासाठी संशोधकाने पूर्ण दक्षता घेतली आहे, असे एक वाक्य त्याच्या अखेरीस असते. पुढील प्रकरणांत या परिच्छेदाचा मागमूसही राहत नाही. मुलाखतींची अवतरणे, वर्गीकरण आणि निष्कर्ष या सर्वांतून संशोधक असा काही नाहीसा होतो, की तो परिच्छेद काढून टाकला तरी प्रबंधातील एकही विधान बदलणार नाही.

प्रस्तुत लेखाचा आक्षेप नेमका येथे आहे. संशोधकाचे सामाजिक स्थान हा पद्धतीच्या प्रकरणात एकदा सांगून मोकळे होण्याचा तपशील नव्हे. कोणाच्या घरात प्रवेश मिळाला, कोणता प्रश्न सुचला, कोणता सुचलाच नाही आणि कोणत्या एककात मोजणी केली, या सर्व ठिकाणी ते तथ्यांच्या आत उतरलेले असते. म्हणून विधान जेथे केले जाते तेथेच ते दाखवावे लागते. तसे न करता केलेले निवेदन प्रामाणिक असू शकते, परंतु पुरावा म्हणून त्याचे मूल्य शून्य असते.

येथे परिभाषेविषयी थोडे लिहिणे अप्रस्तुत ठरू नये. इंग्रजीतील 'रिफ्लेक्झिव्हिटी' या संज्ञेसाठी आपल्याकडे आत्मपरीक्षण, आत्मचिंतन, स्व-परावर्तन असे अनेक पर्याय वापरले जातात. त्यांपैकी आत्मपरीक्षण हा शब्द सर्वांत रूढ आहे आणि माझ्या मते सर्वांत गैरसोयीचाही तोच आहे. संतसाहित्याच्या आणि पुढे प्रार्थना समाजाच्या परंपरेत या शब्दाला नैतिक शुद्धीचा अर्थ चिकटला. आत्मपरीक्षण करणारा मनुष्य आपले दोष सांगतो आणि सांगितल्यामुळे काही अंशी निर्दोष होतो. आपल्या प्रबंधांतील उपरोक्त परिच्छेदाचा सूरही असाच असतो. संशोधनात अपेक्षित असलेली क्रिया मात्र वेगळी आहे. आपण ज्या जागेवर उभे आहोत तेथून काय दिसते आणि काय दिसत नाही, याचा तो हिशेब असतो. या अर्थी येथे 'आत्मचिकित्सा' हा शब्द योजला आहे.

या प्रश्नाची पाश्चात्त्य वाटचाल आपल्या अभ्यासक्रमांतून परिचित आहे. मॅलिनोव्स्की यांची खासगी रोजनिशी १९६७ मध्ये प्रसिद्ध झाली आणि निर्लेप निरीक्षकाच्या प्रतिमेला तडा गेला. १९८६ मधील 'रायटिंग कल्चर' या संपादित ग्रंथाने मानववंशशास्त्रीय लेखन हेही लेखनच असते याकडे लक्ष वेधले. डोना हॅरवे यांनी १९८८ मध्ये सर्व ज्ञान कोठून तरी पाहिलेले असते, अशी मांडणी केली. ही यादी प्रत्येक प्रबंधात येते, त्यामुळे ती येथे वाढवीत नाही. आपल्या निकटच्या परंपरेत हा प्रश्न कसा उपस्थित झाला आणि कोठे अडला, हे पाहणे मला अधिक उपयुक्त वाटते.

त्रिंबक नारायण आत्रे यांचा 'गावगाडा' १९१५ मध्ये प्रसिद्ध झाला. मराठी ग्रामव्यवस्थेच्या अभ्यासाचा प्रारंभ आपण या ग्रंथापासून मानतो आणि ते योग्यच आहे. आत्रे महसूल खात्यात होते. गाव त्यांनी पाहिले ते मुख्यत्वे चावडीच्या बाजूने, म्हणजे पिकाचा आणि साऱ्याचा हिशेब जेथे होतो त्या जागेवरून. त्यामुळे कुणब्याच्या खळ्यावरून काय काय निघून जाते, याचे त्यांनी केलेले वर्णन आजही अजोड आहे. याच कारणाने बलुतेदार, अलुतेदार आणि विशेषतः फिरस्ते त्यांच्या लेखनात प्रामुख्याने कुणब्यावरील भार म्हणून येतात. फिरस्त्याच्या पालातून गाव कसा दिसतो हा प्रश्न ग्रंथात उद्भवत नाही, कारण चावडीवरून तो उद्भवण्याचे कारण नाही. आत्रे यांनी आपले स्थान लपविलेले नाही आणि घोषितही केलेले नाही. तरीही ते ग्रंथाच्या पानापानांतून ओळखता येते, कारण त्यांची मोजणी कोणत्या खात्यावर टाकलेली आहे हे उघड आहे. निवेदनाशिवायही स्थान वाचता येते, हा या ग्रंथाचा पहिला धडा होय.

इरावती कर्वे यांचे उदाहरण अधिक गुंतागुंतीचे आहे आणि त्यावर थोडे रेंगाळणे आवश्यक आहे. 'परिपूर्ती' या संग्रहातील 'वाटचाल' हा लेख मराठी वाचकांना ललित लेख म्हणून माहीत आहे. त्याचे इंग्रजी रूप मात्र १९६२ मध्ये 'जर्नल ऑफ एशियन स्टडीज' या संशोधनपत्रिकेत प्रसिद्ध झाले आणि तेव्हापासून वारीवरील अभ्यासात त्याचा संदर्भ सातत्याने दिला जातो. एकच मजकूर मराठीत ललित आणि इंग्रजीत समाजशास्त्रीय ठरावा, ही गोष्ट आपल्या ज्ञानव्यवहाराविषयी बरेच काही सांगते.

ज्ञानेश्वरांच्या पालखीबरोबर चालणाऱ्या ज्या दिंडीत कर्वे सहभागी झाल्या, त्या दिंडीत ब्राह्मण आणि मराठा असे दोन गट होते. दोघांचे भजन एकत्र होते, चाल एकत्र होती. स्वयंपाक आणि पंगत मात्र वेगळी होती. कर्वे दोन्ही गटांत वावरल्या, मराठा स्त्रियांसमवेत जेवल्या आणि त्यानंतर त्या स्त्रियांच्या वागण्यात आलेली जवळीक त्यांनी नोंदविली. हा विभाग त्यांना सतत सलत होता, हेही त्यांनी मोकळेपणाने लिहिले आहे. येथे संशोधक स्वतःला केवळ घोषित करीत नाही. तिच्या जागेत झालेला बदल, म्हणजे एका पंगतीतून दुसऱ्या पंगतीत जाणे, हेच तथ्य मिळविण्याचे साधन बनते. जेवण्यापूर्वीचे आणि जेवणानंतरचे संभाषण वेगळे आहे हे आपल्याला कळते, कारण ते दोन्ही ऐकणारी व्यक्ती मध्ये जागा बदलते. गुणात्मक पद्धतीच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात उद्धृत करावे असे हे उदाहरण आहे.

तथापि या लेखाची मर्यादाही त्याच जागेतून निर्माण होते. विभक्त पंगतीचे दुःख आपल्याला समजते ते लेखिकेचे. मराठा स्त्रियांना त्या विभागणीविषयी काय वाटत होते? त्यांना दुःख होते, राग होता, की तो त्यांच्या दृष्टीने रोजचाच व्यवहार होता? लेखिकेची व्यथा इतकी खरी आहे, की ती या प्रश्नाची जागा व्यापून टाकते. याच प्रवासात कर्वे यांना महाराष्ट्राची एक नवी व्याख्या गवसते : ज्या प्रदेशातील लोक पंढरीला जातात तो महाराष्ट्र. ही व्याख्या मराठीत पुढे अतोनात लोकप्रिय झाली. ती कोणत्या पायवाटेवर उभे राहून केली आहे, याचा विचार मात्र फारसा झाला नाही. साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये उपोषण करेपर्यंत पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. चोखोबांची समाधी महाद्वारापाशी बाहेरच आहे. पुढे १९५६ नंतर जो समाज ही वाटच सोडून नागपूरच्या दीक्षाभूमीकडे वळला, त्याला ही व्याख्या महाराष्ट्रात कोठे ठेवणार? पालखीच्या आत चालणाऱ्याला जी भूमी एकसंध दिसते, ती पायरीशी थांबविलेल्याला तशी दिसेलच असे नाही. व्याख्येचे सौंदर्य मान्य करूनही हे नोंदविणे भाग आहे.

कर्वे यांच्या बाबतीत आणखी एक मुद्दा विचारार्ह वाटतो. १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया' या ग्रंथात 'मी' क्वचितच दिसतो. परंतु उत्तर भारतातील लेक आणि सून यांच्या स्थितीतील तफावत, अपरिचितांच्या घरी जाणारी नववधू, आणि त्या तुलनेत दक्षिणेत नात्यातच दिल्या जाणाऱ्या मुलीचे परिचित सासर, ही जी निरीक्षणे त्या ग्रंथाला टिकाऊ मूल्य देतात, ती घरात आतपर्यंत प्रवेश असलेल्या आणि माहेर-सासर या शब्दांचा भार जाणणाऱ्या अभ्यासिकेची आहेत. स्त्री असणे येथे कोठेही घोषित केलेले नाही, पण ते वर्गीकरणाच्या मुळाशी काम करते. म्हणजे मराठी ललित लेखात 'मी' ला पूर्ण मुभा आणि इंग्रजी शास्त्रीय ग्रंथात त्याला मज्जाव, अशी वाटणी झाली. ही वाटणी कर्वे यांनी निर्माण केली नाही, त्या काळच्या शास्त्राने ती घातली होती. आपण मात्र ती आजही पाळतो. क्षेत्रकार्यातील खरे अनुभव दिवाळी अंकासाठी राखून ठेवायचे आणि प्रबंधात फक्त तक्ते द्यायचे, ही सवय आपल्या प्राध्यापकवर्गात चांगलीच मुरलेली आहे.

एम. एन. श्रीनिवास यांच्याकडे वळताना हा प्रश्न थेट वादाच्या स्वरूपात भेटतो. म्हैसूरजवळील एका खेड्यात, ज्याला त्यांनी रामपुरा असे नाव दिले, श्रीनिवास यांनी १९४८ मध्ये क्षेत्रकार्य केले. २४ एप्रिल १९७० रोजी कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड येथील अभ्यासकेंद्राला लावल्या गेलेल्या आगीत त्यांच्या संस्कारित टिपणांच्या तिन्ही प्रती जळाल्या. त्यानंतर स्मरणाच्या आधारे लिहिलेला 'द रिमेम्बर्ड व्हिलेज' १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात गावच्या मुखियाच्या आश्रयाने राहिल्यामुळे आणि ब्राह्मण असल्यामुळे गावाचे आपल्याला दिसलेले चित्र वरच्या जातींच्या बाजूचे होते, हरिजन आणि मुस्लिम वस्तीत अधिक वेळ घालविला असता तर ते निराळे दिसले असते, अशा आशयाची कबुली श्रीनिवास देतात. टिपणे गेली आणि स्मरण उरले, तेव्हा संशोधकाचा 'मी' ग्रंथात शिरला. आग लागली नसती तर तो शिरला असता काय, असा प्रश्न मनात आल्याखेरीज राहत नाही.

परंतु त्याहून महत्त्वाचा प्रसंग आधीचा आहे. श्रीनिवास यांच्या 'कास्ट इन मॉडर्न इंडिया' (१९६२) या संग्रहाचे परीक्षण करताना एडमंड लीच यांनी एक खोचक शंका काढली होती. संस्कृतीकरणाच्या सिद्धांतातून समाज ब्राह्मणाच्या नजरेने पाहिलेला दिसतो. श्रीनिवास जन्माने शूद्र असते तर त्यांचे विवेचन असेच झाले असते काय, असा तिचा रोख होता. श्रीनिवास यांनी १९६६ मधील 'सोशल चेंज इन मॉडर्न इंडिया' या ग्रंथाच्या शेवटच्या प्रकरणात याला उत्तर दिले. ते उत्तर आपल्या विद्यार्थ्यांनी मुद्दाम वाचावे असे आहे. त्यांनी आक्षेप झटकून टाकला नाही आणि निव्वळ कबुली देऊनही थांबले नाहीत. आपण दक्षिण भारतीय आणि त्यातही म्हैसूरचे ब्राह्मण असल्यामुळेच मागासवर्गीयांच्या चळवळीकडे आणि प्रशासन व राजकारणातील जातीच्या भूमिकेकडे आपले लक्ष गेले असावे, असे त्यांनी म्हटले. म्हैसूर संस्थानात १९१८ मध्ये नेमलेल्या मिलर समितीनंतर नोकऱ्यांत ब्राह्मणेतरांसाठी राखीव जागांचे धोरण आले होते. त्यातून ब्राह्मण कुटुंबांत निर्माण झालेली कटुता श्रीनिवास यांच्या पिढीने घरातच अनुभवली. स्वातंत्र्योत्तर काळात जात क्षीण होत जाईल असे दिल्ली-मुंबईचे सुशिक्षित मानत असताना, जानेवारी १९५७ मध्ये कलकत्त्याच्या विज्ञान परिषदेतील भाषणात श्रीनिवास जातीच्या वाढत्या राजकीय बळाविषयी बोलू शकले, त्यामागे हे स्थान होते. म्हणजे स्थान हे केवळ झापड नसते. कधी ते खिडकीचेही काम करते.

तथापि येथेच थांबले तर विवेचन अपुरे राहील. त्या भाषणाच्या अवघ्या तीन महिने आधी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. वरच्या जातीचे आचार स्वीकारून वर सरकणे हा संस्कृतीकरणाचा गाभा. आचाराची ती शिडीच नाकारणाऱ्या या घटनेला या संकल्पनेत जागा नाही. ओवेन लिंच यांनी आग्र्याच्या जाटवांवरील १९६९ च्या अभ्यासात दाखविले, की संस्कृतीकरणाची वाट सोडून या समाजाने राजकीय सहभागाची आणि बौद्ध अस्मितेची वाट धरली. ज्या स्थानावरून राखीव जागांचे राजकारण स्पष्ट दिसले, त्याच स्थानावरून धर्मांतराचे महत्त्व दिसले नाही. दोन्ही गोष्टी एकाच स्थानाच्या दोन बाजू आहेत. श्रीनिवास यांनी पहिली ओळखली. दुसरीची नोंद इतरांना करावी लागली. माझ्या मते आत्मचिकित्सेची ही स्वाभाविक मर्यादा आहे. आपल्याला काय दिसले याचे कारण संशोधक सांगू शकतो, काय दिसले नाही याचे कारण बहुधा दुसऱ्या जागेवर उभा असलेला वाचकच सांगतो. त्यामुळे आत्मचिकित्सा ही एकट्या संशोधकाची खासगी साधना न राहता संशोधकांच्या समुदायाची जबाबदारी होते.

निवेदन पुराव्यात कसे रूपांतरित करावे याचा नमुना हवा असल्यास तो आंद्रे बेतेई यांच्या 'कास्ट, क्लास अँड पॉवर' (१९६५) मध्ये सापडतो. तंजावर जिल्ह्यातील श्रीपुरम येथे ते ब्राह्मणांच्या अग्रहारात राहिले. तेथे राहिल्यामुळे गावाने त्यांना ब्राह्मणांच्या बाजूचे मानले आणि ब्राह्मणेतर व आदिद्रविड यांच्यात मोकळेपणाने वावरणे अवघड झाले. हे सांगून ते पुढचे पाऊल टाकतात : या गटांविषयीची आपली माहिती ब्राह्मणांविषयीच्या माहितीच्या तुलनेत कमी दर्जाची आहे, असे ते स्पष्ट करतात. हे छोटेसे विधान आहे, पण ते वाचल्यावर त्या ग्रंथातील प्रत्येक तक्त्याकडे आपण निराळ्या सावधपणे पाहतो. आपल्या प्रबंधांतील 'दक्षता घेतली आहे' या वाक्यानंतर असे काहीच घडत नाही.

आता आपल्या महाविद्यालयीन व्यवहाराकडे येऊ. मौखिक परीक्षेत एक प्रश्न ठरलेला असतो : "तुम्ही याच समाजातील आहात, मग वस्तुनिष्ठता कशी राखली?" हा प्रश्न कोणाला विचारला जातो याचे निरीक्षण केले तर एक गोष्ट ध्यानात येते. स्वतःच्या वस्तीवर, तांड्यावर किंवा पाड्यावर लिहिणाऱ्या दलित, भटक्या-विमुक्त आणि आदिवासी विद्यार्थ्यांना तो हमखास विचारला जातो. शहरी मध्यमवर्गीय कुटुंबांवर लिहिणाऱ्या शहरी मध्यमवर्गीय संशोधकाला तो विचारलेला माझ्या ऐकिवात नाही. त्याची जवळीक 'विषयाची चांगली जाण' ठरते, दुसऱ्याची जवळीक 'पूर्वग्रह' ठरते. पद्धतिशास्त्रीय वाटणारा हा प्रश्न वस्तुतः कोण ज्ञाता आणि कोण ज्ञेय याची जुनी वाटणी पुन्हा घालून देतो. गोपाळ गुरू यांनी डिसेंबर २००२ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'तील लेखात भारतीय सामाजिक शास्त्रांत सिद्धांत मांडणारे ब्राह्मण आणि तथ्ये पुरविणारे शूद्र अशी विभागणी असल्याचे परखडपणे म्हटले होते. आपल्या परीक्षागृहांत त्याची साक्ष मिळते. सामाजिक स्थानाच्या निवेदनाचा परिच्छेद सक्तीचा झाल्याने ही विषमता कमी झालेली नाही. उलट ज्यांच्याकडे आधीच संशयाने पाहिले जात होते, त्यांच्याकडून आता त्या संशयाला लेखी दुजोरा घेतला जातो.

याचा अर्थ आतला माणूस आपोआप अधिक सत्य सांगतो असा मात्र नाही. शर्मिला रेगे यांनी १९९८ मध्ये दलित स्त्रीवादी भूमिदृष्टीची मांडणी करताना हे स्थान जन्माने मिळत नाही, ते संघर्षातून आणि अभ्यासातून कमवावे लागते, आणि म्हणूनच दलितेतर अभ्यासकांनाही ते स्वतःला बदलून गाठता येते, असे सुचविले होते. गुरू आणि सुंदर सरुक्काई यांच्यातील अनुभव व सिद्धांत यांविषयीचा वाद 'द क्रॅक्ड मिरर' (२०१२) मध्ये एकत्र वाचावयास मिळतो. अनुभव ज्याचा, मांडणीचा अधिकारही त्याचाच काय, हा त्यातील कळीचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर तत्त्वचर्चेत मिळण्यापेक्षा प्रत्यक्ष उदाहरणात शोधावे असे मला वाटते.

मराठवाड्यातील ऊसतोड कामगारांचे उदाहरण घेऊ. बाहेरून आलेला संशोधक प्रश्नावलीत 'कामगारांची संख्या' असा रकाना ठेवतो. या व्यवसायातील हिशेब कामगारात होत नाही, तो 'कोयत्या'त होतो. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकट्याचा अर्धा कोयता. मुकादमाकडून मिळणारी उचल कोयत्यावर असते आणि ती बहुधा पुरुषाच्या हाती पडते. 'कामगार किती' या प्रश्नाला कुटुंबप्रमुख 'मी एक' असे उत्तर देण्याची शक्यता असते आणि बाई तक्त्यातून गळते. 'कोयते किती' असे विचारले की ती परत येते, पण जोडीचा अर्धा भाग म्हणूनच. तिच्या श्रमाचे स्वतंत्र मोल विचारायचे तर तिसराच प्रश्न तयार करावा लागतो. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न पुढे आला आणि राज्य शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. त्याआधी या व्यवसायावर लेखन झालेच नव्हते असे नाही. मजुरी, उचल आणि स्थलांतर यांवर ते बरेच होते. बाईचे शरीर मात्र कोयत्याच्या आत झाकलेले राहिले.

टोळीत वाढलेल्या विद्यार्थ्याला 'कोयता' हे एकक शिकवावे लागत नाही, हा त्याच्या स्थानाचा लाभ आहे. परंतु तो मुकादमाचा मुलगा आहे की टोळीतल्या जोडीचा, यावर पुढचे सर्व अवलंबून असते. जात एक, गाव एक, बोली एक. तरी एकाच्या घरात उचलीची वही होती आणि दुसऱ्याच्या घरात त्या वहीतला आकडा फेडण्याची चिंता होती. पहिल्याला 'उचल बुडवून पळालेली' माणसे सहज आठवतील, दुसऱ्याला फेडूनही न फिटलेला हिशेब आठवेल. आणि त्याच टोळीतली मुलगी संशोधक झाली, तर तिला फडाजवळच्या खोपीत पहाटे तीन वाजता पेटणारी चूल आठवेल. 'संशोधक याच समाजातील आहे' हे विधान या तिघांनाही लागू पडते आणि तिघांविषयीही काही सांगत नाही. मौखिक परीक्षेत विचारायचेच असेल तर हे विचारावे : तुमच्या घरात वही होती की कर्ज?

संशोधकाच्या स्थानाचा आणखी एक पैलू आपल्याकडे जवळजवळ अस्पर्श राहिला आहे. पिएर बोर्दिए यांनी आत्मकथनपर आत्मचिकित्सेवर टीका करताना म्हटले होते, की संशोधकाचे बालपण आणि भावना यांपेक्षा ज्ञानक्षेत्रातील त्याचे स्थान तपासणे अधिक निकडीचे आहे. आपल्या संदर्भात या सूचनेचा अर्थ अगदी साधा आहे. महाविद्यालयीन अध्यापक क्षेत्रकार्याला केव्हा जातो? दिवाळीच्या सुट्टीत. ऊसतोड कामगारांच्या टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास कारखान्यांकडे निघतात. सुट्टी लागते तेव्हा गावात म्हातारी माणसे, मागे ठेवलेली मुले आणि कुलपे असतात. अशा वेळी भरलेल्या प्रश्नावल्यांतून 'गावातील वृद्धांचे प्रमाण लक्षणीय आहे' हा निष्कर्ष निघाल्यास नवल नाही. तो गावाचा नसून विद्यापीठाच्या वेळापत्रकाचा निष्कर्ष आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने प्रकाशनांना गुण दिले आणि शोधनिबंधांची संख्या बढतीशी जोडली गेली. त्यामुळे दीर्घ क्षेत्रकार्याऐवजी एका तालुक्यातील पन्नास प्रश्नावल्यांवर भागवण्याकडे कल वाढला. ही परिस्थितीही संशोधकाचे स्थानच आहे, आणि जातीपेक्षा ती लिहिणे अधिक सोपे असूनही कोणी लिहीत नाही.

आयोगाने डिसेंबर २०१९ मध्ये पीएच.डी.पूर्व अभ्यासक्रमात संशोधन व प्रकाशन नीतिशास्त्र हा दोन श्रेयांकांचा विषय अनिवार्य केला. त्याच्या सहा घटकांत तत्त्वज्ञानाला आणि वैज्ञानिक आचाराला स्थान आहे, परंतु प्रकाशनातील गैरप्रकार, मुक्त प्रकाशन, आधारसामग्री-कोश आणि उद्धरण-मापन यांनीच त्याचा मोठा भाग व्यापला आहे. २०१८ च्या वाङ्मयचौर्यविषयक नियमांनी साम्याची टक्केवारी ठरवून दिली : दहा टक्क्यांपर्यंत क्षम्य, त्यापुढे चढत्या श्रेणीने कारवाई. परिणामी आपल्या संशोधकाला शब्द कोणाचे चोरू नयेत हे नीट कळते; एखाद्या बाईच्या ओट्यावर दोन तास बसून घेतलेले तिचे आयुष्य प्रबंधात कोणत्या रकान्यात टाकले, याची विचारणा कोणतेही संगणकीय साधन करीत नाही. शिवाय नोव्हेंबर २०२२ च्या नियमावलीने एम.फिल. ही पदवीच बंद केली. त्या पदवीविषयी कोणाला काहीही वाटो, पण एका गावात वर्षभर येरझाऱ्या घालून लघुप्रबंध लिहिण्याची आणि चुकतमाकत शिकण्याची ती एक जागा होती. तिचा पर्याय सहा महिन्यांच्या अभ्यासक्रमकार्यात शोधावा लागेल, आणि तो वर्गात बसून सापडणारा नाही.

व्यवहारात काय करता येईल याविषयी एक सूचना करावीशी वाटते, आणि ती विद्यार्थ्यांपेक्षा आपण मार्गदर्शकांनी अमलात आणण्याची आहे. स्थानाचा परिच्छेद पद्धतीच्या प्रकरणातून काढून टाकावा. त्याऐवजी प्रत्येक मुलाखतीखाली आणि तक्त्याखाली काही गोष्टी लिहिण्याची सक्ती करावी : ही माहिती कोणत्या महिन्यात घेतली, कोणाच्या ओळखीने त्या घरात प्रवेश मिळाला, बोलताना आणखी कोण उपस्थित होते, आणि ज्यांना विचारायचे होते पण विचारता आले नाही ते कोण. सरपंचाच्या मोटारसायकलवर मागे बसून वस्तीत गेलेल्या संशोधकाने तेवढे तक्त्याखाली लिहिले, तर परीक्षकाला त्याची जात विचारण्याची गरज उरणार नाही.